शंभर ग्रॅम

तक्ता यंदाही कानडीत आलाय.
वर फणसाचं चित्र, उभा चिरलेला,
आणि बाण: एक गऱ्याकडे, एक आठळीकडे,
एक सालीकडे, सिप्पे,
आणि एक त्या धाग्यांकडे, ज्यांना आम्ही चारखंडं म्हणतो
आणि तक्त्यात ज्यांना नावच नाही, नुसता आकडा आहे.

अक्षर अक्षर जुळवत वाचते मी.
गऱ्यांना लिहिलंय तोळे.
बावीस वर्षं अंगणवाडीत काढली तरी
हा शब्द आला की मला सोनाराचा काटाच दिसतो.
तसं ते चूकही नाही.
आमच्यात गरे मोजूनच वाटायचे,
आधी पाव्हण्यांना, मग बाबांना,
मग खानापूरला शिकणाऱ्या दोघा भावांना.

फणस फोडायची आई.
विळीला तेल, हाताला तेल, कोपरापर्यंत,
खाली गोणपाट.
साल म्हशीला. मधली पाव म्हशीला.
चारखंडांची भाजी दुसऱ्या दिवशी, मिरची चढी घालून,
ती बायकांत संपायची.
आठळ्या धुऊन लाल मातीत पुरलेल्या,
जांबोटीची बस बंद पडायच्या दिवसांसाठी.

सगळ्यांची पानं उचलली की
ती निखाऱ्यातून पाच-सहा बाहेर ओढायची,
या हातावरून त्या हातावर खेळवायची,
नखानं साल काढायची.
आईला आठळ्याच आवडतात,
हे आम्ही इतक्यांदा म्हटलं
की तीही म्हणायला लागली.

आणि आता हा तक्ता.
प्रथिनं: गऱ्यात दोनसुद्धा नाहीत,
आठळीत सहाच्या वर.
लोह, आठळीत जास्त.
गऱ्यात साखर, भरपूर साखर.
वाचून मला बरं वाटलं,
खोटं का बोलू, फार बरं वाटलं,
जुनं कर्ज कुणी परस्पर फेडल्यासारखं.
म्हणजे आईनं चांगलं तेच खाल्लं होतं.
आम्हीच गोडावर गेलो होतो.

मग तिचं रक्त सहा पॉइंट काहीतरी कसं निघालं,
हे मी बरंच उशिरा आठवलं.

द्रौपदा घाडी आली होती, सातवा महिना,
पापण्या खाली ओढून बघितल्या तर आत पांढरं.
मी बाण दाखवला. म्हटलं, हे खा की, फुकटचं आहे,
गोळीबरोबर हेही खा.
ती तक्त्याकडे बघत राहिली.
चौथीपर्यंत कानडी शाळेत गेलेली,
माझ्यापेक्षा भरभर वाचते.
म्हणाली, बाई, इथं नूरु ग्राम लिहिलंय.
शंभर ग्रॅम म्हणजे किती आठळ्या?

मला माहीत नव्हतं.

पोरांना तोलायचा काटा काढला,
आड्याला टांगला, झोळी लावली,
काटा शून्यावर आणला.
तिनं पदरातून आणलेल्या उकडलेल्या आठळ्या
एकेक टाकायला लागलो.
एक. दोन. तीन.
सहा झाल्या.
काटा हलला नाही.
झोळीच्या वजनात कुठंतरी
आईचं सगळं रात्रीचं जेवण बसून गेलं.

अकरा. बारा.
दारात भोपळे यांची म्हैस उभी,
सालीच्या वासानं आलेली.
सतराव्याला काटा थरथरला, परत आला.
एकोणीस.
विसाव्याला एक रेघ पुढं.

रोज एवढ्या? द्रौपदा म्हणाली.
घरात सात माणसं आहेत.
तक्त्यात माणसांसाठी बाण नव्हता.

मी म्हटलं, इथंच बसून खा.
तिनं खाल्ल्या, भराभर, दाराकडे पाठ करून,
चौदा मोजल्या मी.
उरलेल्या परत पदरात बांधल्या.
मी काही बोलले नाही.

शिवलीला मॅडम सोमवारी येतील, रजिस्टर बघतील.
अभिप्रायाच्या रकान्यात कानडीत काय लिहावं
ते सुचलं नाही, मराठीत तर नाहीच.
तेल न लावता हात घातला होता,
बोटांना चीक तसाच.
पान पानाला चिकटलंय.
उघडायचं तर फाटेल.